उजव्या चाकाचा कौल

आलेल्या पत्राला उत्तर द्यायचं राहून जाणं ही माझ्या बाबतीत नवी गोष्ट नाही. पण एक पत्र मात्र टेबलावर पाण्याच्या तांब्याखाली दाबून ठेवलेलं होतं आणि पाणी प्यायला उठलो की ते दिसायचंच. पत्र छापील होतं. वर हार घातलेल्या एका काळ्या मोटारीचा फोटो, त्याखाली 'श्री चाकेश्वर कौल सेवा मंडळ, सणसर' आणि मजकूर असा: 'आपण गावातील निवृत्त विज्ञान शिक्षक आहात. तरी श्रींच्या कौलामागे कोणतेही शास्त्रीय कारण आढळत नाही, असा लेखी अभिप्राय सहीनिशी द्यावा. तो आपल्या फोटोसह फ्लेक्सवर छापण्यात येईल. आपला, लखनबाबा.'

मी उत्तर लिहायला घेतलं होतं. 'यामागे बहुधा काही शास्त्रीय कारण असावे, असे कदाचित म्हणता येईल,' इथपर्यंत आलो आणि थांबलो. एका वाक्यात एवढ्या शंका. शिवाय कारण कोणतं, हे मला तरी कुठे ठाऊक होतं?

ती मोटार आमच्या शेजारच्या युवराजची. दसऱ्याच्या थोडं आधी त्यानं ती पुण्याहून जुनी विकत आणली. परदेशी, काळी, म्हशीच्या पाठीसारखी चकचकीत. दसऱ्याला आमच्याकडे ट्रॅक्टरपासून विहिरीवरच्या मोटारीपर्यंत सगळ्यांना अंघोळ घालून हार घालतात, तसा तिलाही घातला. युवराज बादल्या ओतत होता, त्याची आई सिंधुबाई ओवाळायला ताट घेऊन उभी होती. तेवढ्यात गाडीनं हळूच उसासा टाकला आणि पुढचा एक खांदा खाली झुकवला. बैल जू घ्यायला मान वाकवतो तसा. बघ्यांत लखन उभा होता. तेव्हा तो नुसता लखन होता. "कौल दिला! देवानं कौल दिला!" असं तोच पहिल्यांदा ओरडला आणि सगळ्यांच्या आधी गाडीपुढे आडवा पडला. उठला तो लखनबाबा होऊनच.

देवाला कौल लावणं आमच्या भागात जुनंच. मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलं चिकटवायची, प्रश्न विचारायचा. उजवं फूल पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. लखनबाबानं फुलांच्या जागी अख्खी मोटार आणली, एवढंच. गाडीनं उजवा खांदा टाकला तर हो, डावा टाकला तर नाही. युवराजच्या अंगणात मांडव पडला, गाडी मांडवाखाली गेली आणि युवराज पुन्हा जुन्या मोटारसायकलवर फिरू लागला.

एका गुरुवारी मी बघायला गेलो. उसाच्या रिकाम्या ट्रॉलीआड उभा राहिलो, म्हणजे कुणी पुढे बोलावणार नाही. गर्दी पार इंदापूर रस्त्यापर्यंत गेली होती. कुणाला उसाला तोड कधी मिळणार हे विचारायचं होतं, कुणाला बोअरला पाणी लागेल का, कुणाला पंचायतीला उभं राहू का. कारखान्याच्या शेतकी विभागाला जे सांगता येत नाही ते मोटारीनं सांगावं, अशी लोकांची अपेक्षा होती. तसं बघितलं तर ती अगदीच चुकीची म्हणता येत नव्हती.

लखनबाबा भगवा शेला सावरत बोनेटपाशी आला.

"इंजिन चालू ठेव, युवराज! मंडळी, हा इंजिनाचा आवाज न्हाय, हा देवाचा श्वास हाय! हे टायर न्हायती, ही चार धामं हायती! लोखंड परदेशी, पर आत्मा आपल्या मातीतला! हिच्यात स्प्रिंग न्हाय, पाटा न्हाय, सगळी गाडी हवंवर तोललीय. हवा म्हंजी काय?"

"प्राण!" गर्दी म्हणाली.

"आन प्राण म्हंजी काय?"

"हवा!"

"बघा, विज्ञान हितंच संपलं," बाबा म्हणाला.

कऱ्हाटीचा संभाजी पुढे आला. "बाबा, म्हैस गाभण हाय का तेवढं विचारा."

"आरं, डॉक्टरला न्हाय दाखवली?"

"दाखवली की. डॉक्टर हाय म्हंतोय. पर त्यो काय, शिकलेला माणूस."

बाबा ड्रायव्हरच्या दाराशी, गाडीच्या शेजारी तिच्याच दिशेला तोंड करून उभा राहिला. मंत्र पुटपुटत त्यानं पुढच्या चाकाला अभिषेक घातला. आधी पाणी, मग दूध, मग उसाचा रस. शिष्याला सांगून चाकाच्या मागेही चांगलं ओतवलं. थोड्या वेळानं गाडीनं उसासा टाकला आणि तो कोपरा खाली गेला.

"उजवा! म्हैस गाभण हाय!" बाबा गरजला. डॉक्टरचं निदान खरं ठरल्याच्या आनंदात संभाजीनं नारळ फोडला.

गाडी हळूहळू पुन्हा सरळ झाली, तेव्हा सिंधुबाई पुढे आली. तिच्या पित्ताशयात खडे होते. बारामतीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली होती आणि ऑपरेशनची तारीखही दिली होती. खडा नळीत अडकला तर कावीळ होईल, जिवावर बेतेल, असं बजावलं होतं. दुखायला लागलं की ती पोटाशी पाय घेऊन पडून राहायची. तरी ती म्हणाली होती, घरात देव उभा आहे, त्याला विचारल्याशिवाय पोट कापून घेणार नाही.

या वेळी बाबा चालत गाडीच्या तोंडाशी आला आणि गाडीकडे बघत उभा राहिला. घरची मालकीणच देव सोडून दवाखान्यात गेली की अंगणातला मांडवही निघणार, हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं. पुन्हा अभिषेक, पुन्हा उसासा, पुन्हा कोपरा खाली.

"डावा!" बाबानं कपाळाला हात लावला. "ऑपरेशन करू नगासा म्हंतोय देव. ताकातनं अंगारा घ्या. आन माउली, देव दारात असताना तुमाला दवाखाना आठवतोच कसा?"

सिंधुबाईनं हात जोडले. मला मात्र वाटलं, दोन्ही वेळा एकच चाक बसलं. पण माझी एक अडचण आहे. मला डावं-उजवं चटकन कळत नाही. लहानपणापासून जेवायचा हात हलवून ठरवावं लागतं. मी ट्रॉलीआड उभा राहून हवेतच दोन घास खाल्ले. दोन्ही वेळा गाडीचा उजवाच कोपरा. तरी खात्री वाटेना. इतकी माणसं चुकतील आणि मी बरोबर असेन, असं माझ्या आयुष्यात फारसं घडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी युवराजची बायको मनिषा घरी आली. ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "तात्या, काल ट्रॉलीमागं तुमी काय खात व्हता?"

मला खोटं बोलता येत नाही म्हणून खरं सांगावं लागलं. ऐकून ती खालीच बसली. "म्हंजी बाबा नुसता जागा बदलतोय? गाडी न्हाय?"

"असं मला वाटतं. माझं चुकतही असेल."

"आत्यांना रात्री उलट्या झाल्या, तात्या. पिवळं पाणी पडत व्हतं." सासूला ती आत्या म्हणते. "ह्यांना बोलले तर म्हंत्यात, कौल झालाय. तारीख जवळ आलीय. मी गाडी तपासायला बारामतीला नेती. तुमी संगं या."

"बाबा नेऊ देईल?"

"पीयूसी संपलीय म्हनून सांगते. पोलिसानं धरलं तर देवाला उचलून ठाण्यात न्हेतील."

हे बाबाला पटलं. देवालाही धुराचं प्रमाणपत्र लागतं, हे त्यानं आरतीनंतर सगळ्यांना समजावून सांगितलं आणि गाडीला निरोपाचा नारळ फोडला.

बारामतीच्या एमआयडीसीत नागेशचं गॅरेज आहे. नागेश माझा विद्यार्थी. नववीत मी त्याला विज्ञानात नापास केलं होतं आणि भेटेल तिथे तो ते मोठ्यानं सांगतो. आताही त्यानं गॅरेजभर सांगितलं. मग गाडीकडे बघितलं. बोनेटवर कुंकू, आरशाला लिंबं, वायपरला हार.

"सर, ही रिपेरीला आणलीय का लग्नाला?"

मी अडखळत सगळं सांगितलं. नागेशनं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "सोपं हाय. स्प्रिंगच्या जागी हवेचा रबरी फुगा असतोय. फुगा गळतोय. फुगा बदलायचा." त्यानं साबणाचं पाणी फवारलं. गळत असेल तिथे बुडबुडे यायला हवे होते. एकही आला नाही. "मग वॉल्व," तो म्हणाला. तिथेही बुडबुडा नाही. "मग कॉम्प्रेसर," तो जरा हळू म्हणाला. कॉम्प्रेसर ठणठणीत होता.

मग त्यानं लॅपटॉप जोडला. गाडीच्या कॉम्प्युटरनं जुनी तक्रार नोंदवून ठेवली होती: पुढचं उजवं चाक, उंचीचा सेन्सर. नागेशनं मला चाकामागची काडेपेटीएवढी डबी दाखवली. तिला एक छोटा दांडा असतो. चाकापासून गाडी किती वर आहे, हे तो दांडा डबीला कळवतो, डबी कॉम्प्युटरला. गाडी खाली बसलीय असं कळलं तर कॉम्प्युटर फुग्यात हवा भरतो, फार वर गेलीय असं कळलं तर सोडतो.

"पर आता चारी आकडे बरोबर दाखवतोय," नागेश लॅपटॉपकडे बघत म्हणाला. "देव फिट हाय. न्या घरी."

मनिषाचा चेहरा उतरला. मला काहीतरी सुचत होतं, पण ते इतकं बावळट वाटत होतं की मी चष्मा पुसत बसलो.

"काय, सर?" नागेशनं विचारलं.

"काही नाही. म्हणजे, इथे चाक कोरडं आहे. तिथे दर वेळी... अभिषेक असतो."

नागेशनं गाडी धुवायचा पाइप ओढला आणि उजव्या चाकामागे धार सोडली. काही झालं नाही. मी माफी मागणार होतो, तेवढ्यात लॅपटॉपवरचा आकडा हलला. गाडी जागच्या जागी उभी, पण डबी सांगत होती, गाडी वर चाललीय, आणखी वर, फारच वर. कॉम्प्युटरनं त्या डबीवर विश्वास ठेवला आणि फुग्यातली हवा सोडून दिली. उसासा. कोपरा खाली.

"कौल!" मनिषा ओरडली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

नागेशनं डबीचं कनेक्शन सोडवलं. पाणी आत जाऊ नये म्हणून असलेलं रबर चिरलेलं होतं, आतल्या पिना हिरव्या झालेल्या. त्यात कुंकवाचा राडा होता आणि दह्याचा आंबूस वास. "सर, ह्यात तर अख्खा सत्यनारायण हाय," नागेश म्हणाला. भक्ती जसजशी वाढत गेली, तसतसं गाडीचं दुखणं वाढत गेलं होतं आणि लोक म्हणत होते, देव दिवसेंदिवस जागृत होतोय.

"पर ही आयडिया काढली कुणी?" त्यानं विचारलं. मनिषानं लखनबाबाचं वर्णन केलं. ते अर्ध्यावर असतानाच नागेशनं हातातला पाना खाली ठेवला. "बोलताना खांदे उडवतो? आरं, त्यो माझ्याकडंच गाड्या धुवायला व्हता! अशीच एक गाडी धुताना त्याच्यासमोर बसली व्हती. मी त्याला शिव्या घातल्या, पाणी कुठं मारतोय म्हनून. म्हंजी माझ्या शिव्यांवर त्यानं देऊळ बांधलं की!"

नवा सेन्सर पुण्याहून यायचा होता. आला की बोलावतो, असं नागेश म्हणाला. मनिषा म्हणाली, "बोलवू नगा. गुरुवारी तुमीच या आन तितंच बसवा. सगळ्यांच्या समोर. आत्यांच्या समोर."

"आन लोकांना समजावून सांगायचं कुणी?" नागेशनं विचारलं.

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी वर्गातसुद्धा फळ्याकडे तोंड करून शिकवलेला माणूस.

गुरुवारी निघताना हातात काहीतरी धरायला हवं होतं. टेबलावरचा तांब्या उचलला, भरला आणि गेलो. मला पुढे येताना बघून बाबाचा चेहरा फुलला.

"मंडळी, सर आलं! विज्ञान शरण आलं! सर, अभिप्राय आणला का?"

"आधी एक कौल घ्यायचाय," मी म्हणालो. आवाज इतका बारीक आला की संभाजीनं तो मोठ्यानं पुन्हा सांगितला. "मंत्र मीच म्हणतो."

मला मंत्र येत नाहीत. एकोणतिसाचा पाढा तेवढा चांगला येतो. मी चाकाशी बसलो आणि "एकोणतीस एके एकोणतीस" म्हणत तांब्यातलं पाणी चाकामागे, डबी होती तिथे ओतलं. पाढ्याच्या शेवटी मी देवाला प्रश्न विचारला, "मी बाई आहे का?"

उसासा. गाडीचा उजवा खांदा खाली.

"उजवा!" संभाजी ओरडला. "व्हय म्हंतोय देव! सर बाई हायती!"

मांडवात असा हशा पिकला की बायकांनी तोंडाला पदर लावले. बाबा घाईघाईनं पळत गाडीच्या तोंडाशी आला. "डावा हाय, डावा! हिकडनं बघा, डावा!"

"थांबा," ओसरीतून आवाज आला. सिंधुबाई खांबाला धरून उठली होती. एका हातानं पोट दाबत ती खाली आली आणि त्या चाकाशी उभी राहिली. "संभाजीच्या म्हशीच्या येळंला हेच चाक बसलं हुतं. माझ्या येळंलाबी हेच. बाबा, म्हशीच्या येळंला तुमी दाराशी हुता आन माझ्या येळंला तोंडाशी. व्हय का न्हाय?"

"माउली, देवाची दिशा येगळी असती..."

"देवाची असंल. चाक तर एकच हाय न्हवं?"

तेवढ्यात गर्दीमागून नागेश जॅक घेऊन आला. "काय लखन, बादली कुठाय रं तुझी?" बाबाचे उडणारे खांदे एकदम खाली बसले. गाडीसारखे, पण दोन्ही.

नागेशनं चाक काढलं. यंत्र उघडलेलं दिसलं की आमच्याकडे प्रत्येक जण मिस्त्री होतो. मघापर्यंत हात जोडून उभे असलेले लोक उकिडवे बसून सल्ले द्यायला लागले. "ग्रीस लाव." "आर्थिंग तपास." "माझ्या ट्रॅक्टरचं असंच झालतं." नागेशनं कुजलेलं कनेक्शन कापून नवं जोडलं, नवा सेन्सर बसवला, दांडा अडकवला, चाक चढवलं. टेपनं चारी चाकांपासून मडगार्डची उंची मोजली आणि लॅपटॉपवर कॉम्प्युटरला सांगितलं की बाबा रे, ही खरी उंची, हीच लक्षात ठेव.

"आता घाला अभिषेक," तो लखनला म्हणाला. "मनसोक्त."

लखननं पाणी ओतलं. दूध ओतलं. उसाचा रस ओतला. मंत्र मोठ्यानं म्हटले, मग रागानं म्हटले, मग विनवणीच्या सुरात म्हटले. इंजिन चालू होतं, गाडी सरळ उभी होती. रसावर माश्या तेवढ्या जमल्या.

"देव निघून गेला!" लखन शेवटी ओरडला. "तुमच्या पापानं गेला!"

मागे काही लोक चपापले. युवराजही घाबरून आईकडे बघायला लागला. सिंधुबाईनं नागेशच्या हातातली जुनी डबी घेतली, उलटीसुलटी केली, हुंगली.

"हाच का देव? कुबट दह्यागत वास येतोय."

मग ती माझ्याकडे वळली. "तात्या, तुमी शिकलेलं. माझ्या पोटाचं सांगा."

एवढी माणसं बघत होती आणि तोंड करायला फळा नव्हता. मी म्हणालो, "वहिनी, मला पोटातलं कळत नाही. पण गाडीचं दुखणं कसं काढलं ते तुम्ही बघितलं. आधी नागेशला फुगा वाटला, तो चुकला. मग त्यानं यंत्र लावून बघितलं, पाणी टाकून पुन्हा बघितलं, बिघडलेला भाग काढला, आणि बरी झाली की नाही ते सगळ्यांसमोर तपासलं. तुमच्या पोटाचंही डॉक्टरांनी यंत्र लावूनच बघितलंय. दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं असेल तर दाखवू. पण चाकाला विचारायला नको."

सिंधुबाईनं लेकाकडे बघितलं. "युवराज, गाडीला दवाखाना आन मला अंगारा व्हय रं?"

युवराजनं जाऊन वायपरवरचा हार काढला, आरशाची लिंबं काढली आणि आईसाठी पुढचं दार उघडलं. ती ताठ बसली. मनिषानं स्टिअरिंग धरलं आणि गाडी मांडवातून सरळ बारामतीच्या रस्त्याला लागली. खड्ड्यातसुद्धा तिनं खांदा टाकला नाही.

ऑपरेशन झालं. एक खडा नळीच्या तोंडाशी येऊन बसला होता, असं डॉक्टर म्हणाले. हरभऱ्याएवढे ते खडे सिंधुबाईनं बाटलीत मागून घेतले आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती ते हलवून दाखवते. लखननं सणसर सोडलं. बावड्यात फवारणीच्या ड्रोनमध्ये देव उतरलाय, अशी बातमी परवा संभाजीनं आणली. ती खरी की खोटी, मी तपासलेली नाही. पण पत्ता मिळाला.

मग तांब्याखालचं पत्र काढून उत्तर लिहिलं.

'लखन यांस, आपल्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, क्षमस्व. आपण मागितलेला अभिप्राय देत आहे. श्रींच्या कौलामागे शास्त्रीय कारण आहे. पुढच्या उजव्या चाकामागचा सेन्सर ओला झाला की खोटे सांगत होता. तो बदलला आहे. गाडी चांगली चालते. जी गोष्ट कळत नाही, ती उघडून बघावी. आपल्याला उघडता येत नसेल तर ज्याला येते त्याला विचारावे. त्याचेही पडताळून घ्यावे. आणि तोवर कुणाच्याही जिवाचा निर्णय तिच्यावर सोपवू नये. हा मजकूर फ्लेक्सवर छापायला माझी हरकत नाही. माझा फोटो मात्र नको. त्या जागी सिंधुबाईंचा छापावा. बाटलीसह. त्यांची परवानगी घेतली आहे.'

सही केली आणि सवयीनं पुन्हा वाचून बघितलं. त्यात कुठेही बहुधा नव्हतं. एक घालावंसं वाटलं, पण पाकीट चिकटवून टाकलं आणि चालत जाऊन सणसरच्या टपालपेटीत सोडलं.